काट्यावरची कसरत

भाजी घेतली की ओळखीची भाजीवाली मूठभर हिरव्या मिरच्या पिशवीत वरून तशाच टाकते. त्यांचे पैसे ती मागत नाही आणि आपणही देत नाही. त्या मिरच्या भरतील फार तर शंभर ग्रॅम. एवढ्याशा वजनापायी ७ ऑगस्ट २०२४ च्या सकाळी, पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचलेली आपली कुस्तीगीर विनेश फोगट स्पर्धेतून बाद झाली. आदल्याच दिवशी तिने तीन कुस्त्या मारल्या होत्या. त्यातली पहिली होती जपानच्या युई सुसाकीशी. ही सुसाकी म्हणजे टोकियोची सुवर्णपदक विजेती आणि आंतरराष्ट्रीय आखाड्यात तोवर एकदाही न हरलेली. पण दुसऱ्या दिवशी काट्याने पन्नास किलोऐवजी पन्नास किलो शंभर ग्रॅम दाखवले आणि नियमाप्रमाणे विनेशचा क्रमांक सगळ्यांच्या शेवटी लागला.

मी तेव्हा आपल्या महाविद्यालयात प्रथम वर्षाला नुकताच आलो होतो. धामणकर नाक्यावरच्या चहाच्या टपरीपासून वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत त्या दिवशी एकच विषय होता. कुणी म्हणे कट आहे, कुणी म्हणे शंभर ग्रॅमसाठी एवढे काय, कुणी म्हणे तिच्याबरोबरच्या माणसांना साधे वजन सांभाळता येऊ नये? आदल्या संध्याकाळी तिचे वजन ५२ किलो ७०० ग्रॅमपर्यंत गेले होते. रात्रभर तिने व्यायाम केला, घाम काढला, अन्नपाणी वर्ज्य केले. शेवटी केससुद्धा कापले, असे भारतीय पथकाचे वैद्यकीय अधिकारी डॉ. दिनशा पारडीवाला यांनी नंतर सांगितले. हे ऐकून मित्र हळहळत होते. मी मात्र गप्प होतो. कारण तसली एक रात्र, तिच्या मानाने अगदीच लहान, पण तसलीच, मी काढलेली आहे.

आमचे मूळ गाव कराड तालुक्यात. आजोबा मुंबईच्या गिरणीत होते. १९८२ च्या संपात गिरणी सुटली आणि ते भिवंडीला येऊन यंत्रमागावर उभे राहिले. वडील सायझिंगच्या कारखान्यात आहेत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. आमच्या गल्लीत क्रिकेटपेक्षा कबड्डी जास्त, आणि मीही लहानपणापासून कबड्डी खेळतो. कबड्डीतही वजन असते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. किशोर गटाला वय सोळाच्या आत आणि वजन पंचावन्न किलो. कुमार गटाला वय विसाच्या आत आणि वजन सत्तर किलो. मोठ्या पुरुषांना पंच्याऐंशी किलो.

चार वर्षांपूर्वी, मी दहावीत असताना, किशोर गटाची एक स्पर्धा पाच दिवसांवर आली होती. आमच्या गल्लीतल्या भंगारवाल्याच्या काट्यावर मी उभा राहिलो तर सत्तावन्न किलो आठशे ग्रॅम भरलो. ‘उतरव’ एवढेच मला सांगण्यात आले. कसे, ते मोठ्या मुलांनी शिकवले. पहिल्या दिवशी भात आणि मीठ बंद. तिसऱ्या दिवशी जेवण बंद. मग पाणी बंद. दोन स्वेटर, त्यावर प्लास्टिकचा रेनकोट घालून भर दुपारी कामतघरच्या तलावाच्या बाजूने पळायचे. तोंडात चिंच धरून थुंकत बसायचे, कारण थुंकीलाही वजन असते. एवढे करून शेवटच्या संध्याकाळी एक किलो शिल्लक राहिला. तेव्हा आम्ही तिघे जण एका मित्राच्या मामाच्या ओळखीने सायझिंगच्या कारखान्यात जाऊन बसलो.

ज्यांनी सायझिंग पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो. ताण्याच्या सुताला खळ देतात आणि ते ओले सूत वाफेने तापलेल्या सिलिंडरवरून फिरवून सुकवतात. शेजारी बॉयलर असतो. तिथे पाच मिनिटे उभे राहिले तरी सदरा अंगाला चिकटतो. आम्ही दोन तास बसलो. पहिल्या तासाला घाम आला. दुसऱ्या तासाला घामही यायचा थांबला. याचा अर्थ काय, हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हते.

सकाळी चौपन्न किलो नऊशे भरलो. सगळ्यांनी पाठ थोपटली. मग लिंबू सरबत, केळी, पुन्हा सरबत, आणि त्यातले अर्धे उलटून पडले. दुपारच्या सामन्यात माझ्या दुसऱ्या की तिसऱ्या चढाईला पायात गोळा आला, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी मध्यरेषेपासून हातभर अंतरावर नुसताच बसलो. मला पकडायला कुणाला श्रम पडले नाहीत. दवाखान्यात सलाईन लावले. दोन दिवस लघवीचा रंग काळ्या चहासारखा होता. त्या संघाचे किंवा प्रशिक्षकांचे नाव मी घेत नाही. त्यांनीही त्यांच्या वेळी हेच केले होते आणि त्यांना हेच शिकवले गेले होते.

रात्री वडिलांना कळले. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “मी तिथं आठ तास घाम गाळतो त्याचा पगार मिळतो. तुला काय मिळालं?” या प्रश्नाचे उत्तर मी अजून शोधतो आहे. हा लेख म्हणजे तोच शोध आहे, असे समजा.

मुळात वजनाचे गट कशासाठी आले? लहान चणीच्या माणसालाही न्याय मिळावा म्हणून. आपल्या मातीतल्या कुस्तीत काटा नव्हता. वस्ताद आणि पंच नजरेने जोड ठरवत, तोलामोलाचे दोन मल्ल हातात हात देऊन उभे करत. तालमीत खुराक म्हणजे दूध, तूप, बदाम. वजन वाढणे ही मल्लाची कमाई असे आणि गाव ती कौतुकाने पाही. १९१२ साली उभ्या राहिलेल्या कोल्हापूरच्या खासबाग मैदानाने असे कितीतरी मल्ल पाहिले. पण नजरेच्या जोडीत चूक होई, वशिला चाले, आणि बारीक अंगाचा चपळ गडी मागे पडे. काट्याने हा अन्याय दूर केला, हे मान्यच केले पाहिजे. पन्नास किलोची मुलगी शहात्तर किलोच्या मुलीशी कशी लढणार?

परंतु माणूस मोठा हुशार प्राणी! त्याने हिशेब केला की, काट्यावर उभे राहण्यापुरते आपण लहान झालो आणि मग खाऊनपिऊन पुन्हा मोठे झालो, तर समोरचा खरा लहान माणूस आपल्या तावडीत सापडेल. एकाने हे केले म्हणून दुसऱ्याला करावे लागले. आता सगळेच करतात, म्हणजे फायदा कुणालाच नाही आणि उपाशी मात्र सगळे. सिनेमागृहात पुढच्या रांगेतला माणूस उभा राहिला की मागचे सगळे उभे राहतात. पाय सगळ्यांचे दुखतात आणि चित्र कुणालाच जास्त दिसत नाही. तशातलाच हा प्रकार आहे.

त्यात ऑलिंपिकच्या गटांनी भर घातली. जागतिक अजिंक्यपदाला पुरुषांच्या फ्रीस्टाइल कुस्तीत दहा गट असतात. ऑलिंपिकला फक्त सहा. सत्तावन्न किलोनंतर एकदम पासष्ट! आपल्या बीड जिल्ह्याच्या राहुल आवारेने २०१९ च्या जागतिक स्पर्धेत एकसष्ट किलो गटात कांस्यपदक मिळवले, पण तो गट ऑलिंपिकमध्ये नाहीच. अशा मल्लाने चार किलो खाली उतरायचे की चार किलो वर चढायचे? विनेशचीही अडचण अशीच होती. ती टोकियोला त्रेपन्न किलोत खेळली होती. पॅरिससाठी त्या गटाची जागा अंतिम पंघालने मिळवली, म्हणून विनेश पन्नासमध्ये उतरली. त्याच पॅरिसमध्ये अमन सेहरावतने एका रात्रीत, दहा तासांत, चार किलो सहाशे ग्रॅम उतरवले आणि सत्तावन्न किलो गटात कांस्यपदक जिंकले. आपण टाळ्या वाजवल्या. वर्षभराने, सप्टेंबर २०२५ मध्ये, झाग्रेबच्या जागतिक स्पर्धेत तोच अमन एक किलो सातशे ग्रॅमने जास्त भरला आणि न लढताच बाद झाला. टाळ्या वाजवणाऱ्यांनीच मग त्याला बेशिस्त ठरवले. शरीर तेच, रीत तीच. एकदा ते वठले आणि एकदा वठले नाही, इतकाच फरक.

हे केवळ कुस्तीत चालते असे नाही. मेरी कोम २०१८ मध्ये पोलंडला पहाटे उतरली तेव्हा दोन किलो जास्त होती. चार तासांत, दोरीच्या उड्या मारमारून, तिने ते उतरवले आणि सुवर्णपदक घेतले. आपल्या महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर जॉकीला शर्यतीच्या आधी आणि नंतर खोगिरासकट काट्यावर बसावे लागते. इंग्लंडचा नामांकित जॉकी फ्रेड आर्चर उंचापुरा होता. वर्षानुवर्षे उपाशी राहून त्याने वजन राखले आणि १८८६ साली, आजारात खंगलेला असताना, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी स्वतःला संपवले. बर्फावरून उडी मारण्याच्या खेळात हलका माणूस लांब तरंगतो म्हणून खेळाडू हाडांचे सापळे होऊ लागले. तेव्हा २००४ पासून वजनाच्या मानाने पट्ट्यांची लांबी कमी करण्याचा नियम करावा लागला. जिम्नॅस्टिक्समध्ये तर काटासुद्धा नसतो, पंचांची नजर असते. अमेरिकेच्या क्रिस्टी हेनरिकला एका पंचाने वजन कमी करायला सांगितले. तिने अन्न इतके तोडले की १९९४ मध्ये, बावीस वर्षांची असताना, ती गेली. मुलींच्या बाबतीत या उपासमारीने पाळी थांबते, हाडे ठिसूळ होतात, आणि आपल्याकडे या गोष्टी मुली प्रशिक्षकाजवळ बोलतही नाहीत.

आता थोडे शरीराविषयी. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. धावत्या-खेळत्या मुलाला दिवसाला अडीच हजारांच्या आसपास लागतात. म्हणजे तीन दिवस कडकडीत उपास केला तर कुठे एक किलो चरबी जळेल. मग एका रात्रीत चार किलो उतरतात ते कशाचे? पाण्याचे. पाणी गेले की रक्त घट्ट होते, हृदयाला जोरात धडधडावे लागते, मूत्रपिंडावर ताण येतो, घाम थांबला की अंग आतून तापत जाते, आणि क्षारांचा तोल गेला तर हृदयाचा ठेकाच चुकतो. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के पाणी गेले तरी दमसास कमी होतो असे वैद्यकशास्त्र सांगते. मी पाच टक्के वजन घालवले होते. आणि कबड्डी हा तर दमाचाच खेळ! काही जण लघवीच्या गोळ्या घेतात. त्या गोळ्या उत्तेजकविरोधी नियमांत बंदी असलेल्या आहेत, हे गल्लीतल्या किती मुलांना ठाऊक असेल?

१९९७ साली अमेरिकेत नोव्हेंबर-डिसेंबरच्या महिनाभरात महाविद्यालयांतले तीन कुस्तीगीर असे वजन उतरवताना मरण पावले. तिघेही तुमच्या-माझ्यासारखे विद्यार्थी होते. २०१५ मध्ये यांग जियान बिंग हा एकवीस वर्षांचा चिनी लढवय्या फिलिपाइन्समध्ये वजनापायीच गेला. तेव्हा हा प्रश्न केवळ पदकाचा नाही, जिवाचा आहे.

यावर मला नेहमी तीन उत्तरे मिळतात. पहिले उत्तर असे की, खेळाडूला शिस्त हवी. वेळच्या वेळी वजन राखले असते तर ही पाळी आली नसती. अर्धे खरे आहे. पण पंधरा वर्षांच्या मुलाचे वजन राखायचे म्हणजे काय करायचे? तो वाढतो आहे! त्याचे वाढणे ही बेशिस्त कशी? दुसरे उत्तर असे की, आपण सोडले तरी समोरचे सोडणार नाहीत. हेही खरे आहे, आणि म्हणूनच हे एकेका खेळाडूवर सोपवून चालणार नाही. नियमानेच झाले पाहिजे. तिसरे उत्तर सर्वांत अवघड आहे, आणि ते आमच्यासारख्या घरांतून येते. राज्य पातळीवर चमकलेल्या खेळाडूला परीक्षेत सवलतीचे गुण मिळतात. शासकीय नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. पोलीस, रेल्वे, बँका यांचे संघ आहेत. ज्याचा बाप बॉयलरपाशी उभा आहे त्याला त्या एका प्रमाणपत्रात पक्की नोकरी दिसते. त्याला ‘तब्येत सांभाळ’ म्हणणे सोपे आहे. विनेशजवळ डॉक्टर होते, आहारतज्ज्ञ होते. भिवंडीतल्या मुलाजवळ भंगारवाल्याचा काटा असतो आणि चिंच असते. गरज जितकी मोठी तितके संरक्षण कमी, असा हा उलटा न्याय आहे.

मग करायचे काय? तीन मृत्यूंनंतर अमेरिकेच्या महाविद्यालयांनी डोळे उघडले. प्रत्येक गटाची मर्यादा सात पौंडांनी वाढवली. रबरी कपडे, घाम काढण्याच्या तापलेल्या खोल्या, लघवीच्या गोळ्या यांवर बंदी घातली. हंगामाच्या सुरुवातीला, अंगात पुरेसे पाणी असल्याची तपासणी करून, प्रत्येकाने कोणत्या वजनाखाली जायचे नाही ते ठरवून टाकले. आठवड्याला दीड टक्क्याहून जास्त वजन उतरवायला मनाई केली. आंतरराष्ट्रीय कुस्तीत आदल्या संध्याकाळऐवजी सामन्याच्या दिवशी सकाळी वजने घेण्याचा नियम आला, तोही हेतू चांगला धरून. पण पॅरिसने दाखवले की केवळ वेळ बदलून मोह सुटत नाही. कमीत कमी वजन आधी ठरलेले असले, तरच तो सुटतो.

हे आपल्याला जमणार नाही असे नाही. माझी आपल्या जिमखान्याला नम्र विनंती आहे की, एक चांगला काटा घ्यावा आणि जुलैमध्येच प्रत्येक खेळाडूचे वजन आणि उंची वहीत नोंदवावी. साठ किलोच्या मुलाने आठवड्याला नऊशे ग्रॅमहून जास्त उतरवू नये, हे फळ्यावर लिहून ठेवावे. रेनकोट घालून पळणारा दिसला तर त्याला शाबासकी देऊ नये, घरी पाठवावे. आणि स्पर्धेच्या तोंडावर ज्याला चार-पाच किलो उतरवावे लागतील त्याला वरच्या गटात खेळवावे, मग एखादा सामना हरलो तरी चालेल. जिल्ह्यातल्या स्पर्धा भरवणाऱ्या मंडळींनाही हेच सांगणे आहे. किशोर गटातल्या मुलाचे दोन महिन्यांपूर्वीचे वजन मागितले तरी पुष्कळ गोष्टी उघड होतील.

वरच्या गटात जाणे म्हणजे हरणे, असे आपण धरून चालतो. खाशाबा जाधवांचे गोळेश्वर आमच्या कराड तालुक्यातलेच. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सर्वांत हलक्या, बावन्न किलोच्या गटात खेळले आणि सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीला ते त्याच्या वरच्या, सत्तावन्न किलोच्या गटात उतरले आणि स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन आले. त्यांच्या त्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवले होते. कॉलेजचा एक विद्यार्थी, कॉलेजचे एक प्राचार्य, आणि एक वरचा गट. ही गोष्ट आपण भाषणात फार सांगतो. तिच्यातून शिकायचे मात्र विसरतो.

शेवटी घरातली एक गोष्ट सांगून थांबतो. माझा धाकटा भाऊ पंधरा वर्षांचा आहे. या हिवाळ्यात तो किशोर गटासाठी ५६ किलो ७०० वरून उतरवायला निघाला. एका रात्री तो मोरीत बसून थुंकत होता. आईने पाहिले. ती म्हणाली, “घरात दाणा नव्हता तवा उपाशी ऱ्हायलो. आता हाय तर का उपाशी मरतोस रं?” तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मी जाऊन त्याच्या प्रशिक्षकांना सांगितले की याला वगळा. त्यांनी वगळले. ज्या संघातून त्याला वगळले तो संघ पुढे जिंकत गेला. भाऊ माझ्याशी आठवडाभर बोलला नाही. “दादा, तू माझं सर्टिफिकेट घालवलंस,” एवढे एकच वाक्य तो बोलला होता, आणि ते खोटे नाही.

मी बरोबर केले असे मला वाटते. तरी रात्री कधीकधी शंका येते. एका भावाने दुसऱ्या भावाचा निर्णय असा परस्पर घ्यावा लागू नये, म्हणून नियम हवेत, आणि म्हणूनच हे सारे लिहिले.

भाऊ आता कुमार गटाच्या सरावाला जातो. तिथे मुले त्याच्याहून मोठी आहेत, रोज पकडतात, रोज आपटतात. गेल्या रविवारी त्याचे वजन केले. अठ्ठावन्न किलो भरले.

— द्वितीय वर्ष, कला